पाचवं पान आणि कापलेल्या वायरी

नाहूर,
श्रावणातला दुसरा शनिवार

तीर्थस्वरूप शेवंतीवहिनी,

तुमच्या धाकट्या जावेचा, नंदाचा, वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, कंबर धरते, पण जेवढं जमलं तेवढं वाकले असं समजा.) तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का, की अजून विडी चोरून ओढतात? तांबू व्यायली का, पाडी झाली की पाडा? आम्ही इथे सगळे बरे आहोत. पत्र बघून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही.

पत्र एवढ्यासाठी लिहितेय की तुम्ही माझा फोन उचलत नाही. गेल्या गणपतीपासून उचलत नाही. तुमच्या लाडक्या दिराचा उचलता, आमच्या मानसीचा उचलता, तिच्याशी अर्धा अर्धा तास बोलता, आणि मी शेजारी बसून "मला दे गं, मला दे" केलं की तुमच्याकडची रेंज जाते. वहिनी, मी सातवी शिकले आहे, पण रेंज कधी जाते आणि कधी घालवतात एवढं कळतं मला. पत्राला रेंज लागत नाही. पोस्टमन ते तुमच्या पडवीत आणून टाकेल, आणि चुलीत घालायच्या आधी तुम्ही ते वाचाल, कारण तुम्हाला राहवणार नाही.

भांडण काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने एकदा लिहून ठेवते. चतुर्थीचा दिवस, दुपारचे दोन वाजलेले, घरात तीस माणसं, सकाळपासून एक चहा पोटात, मोदक वळून वळून माझी बोटं आखडलेली, आणि तुम्ही सावकाश नैवेद्याची पानं मांडताय. एक रवळनाथाचं, एक कुलस्वामिनीचं, एक मूळपुरुषाचं, एक गाईचं. आणि पाचवं? मी विचारलं, हे कुणाचं? तुम्ही म्हणालात, घालतात. मी म्हटलं, घालतात म्हणजे कुणाला घालतात? तर म्हणे आईंच्या वेळेपासून घालतात. मग मी सगळ्या पाहुण्यांसमोर बोलले ते बोलले. ज्याला नाव नाही त्याला पान कशाला, बंद करून टाका, जे उगाच लोंबतंय ते कापून मोकळं व्हायचं. तुम्ही काही बोलला नाहीत. पदर खोचलात आणि आत गेलात. वहिनी, तुम्ही चार शिव्या घातल्या असत्या तर मी आठ घातल्या असत्या आणि संध्याकाळी आपण दोघी आरतीला एका पाटावर बसलो असतो. गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही हो, त्याचाच त्रास होतो.

आता "लोंबतंय ते कापायचं" हे माझ्या तोंडात कुठून आलं ते सांगते. चौदा वर्षं मी भांडुपच्या गाळ्यात फिनिशिंगला आहे. फिनिशिंग म्हणजे शर्ट शिवून आला की त्याच्या काजाला, कॉलरला, बगलेत जे धागे लोंबत असतात ते कापायचे. दिवसाला किती शर्ट ते विचारू नका. कटर माझ्या गळ्यात नाडीला बांधलेला असतो, तुमच्या गळ्यात मंगळसूत्र तसा. धागा लोंबताना दिसला की हात आपोआप जातो. एकदा बसमध्ये पुढच्या बाईच्या ब्लाउजचा धागा कापला, तो धागा नव्हता, हुकाचा टाका होता. (पुढचं लिहीत नाही, भावोजी वाचतील.)

तर आमच्या घरी घोळ झाला तो या हातामुळेच. मानसी लग्नाचे व्हिडिओ कापाकापी करून गाणी बिणी घालून देते, ते तुम्हाला तिने सांगितलंच असेल. त्यासाठी तिने नवा कॉम्प्युटर स्वतः जोडला. आयता आणला नाही, एक एक भाग मागवला आणि जमिनीवर पेपर पसरून मांडी घालून बसली, आपण फराळाचं करायला बसतो तशी. पेटीला एका बाजूने काच. आत लाल निळे दिवे. मी म्हटलं, अगं, गणपतीचं मखर आहे की काय हे? तर म्हणाली, आई, तू हात लावू नकोस. हे तिने सांगायला नको होतं.

त्या पेटीच्या खाली एक जड डबा असतो, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. घरातली वीज आधी त्यात जाते आणि तो प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या मापाने वाढतो. (म्हणजे घरातली थोरली सून. तुम्ही.) त्या डब्यातून वायरींच्या जुड्याच्या जुड्या निघतात. काही कुठे कुठे लागल्या. पण दोन लांब शेपट्या उरल्या, त्यांना तीन-तीन प्लग, आणि एका शेपटीच्या टोकाला नखाएवढा आणखी एक प्लग, आणि त्यातलं काहीच कुठे लागेना. मानसीने त्या मागे कोंबून बघितल्या, झाकण बसेना, मग तशाच लोंबत सोडल्या. मी विचारलं, या कशाला? म्हणाली, जुन्या पद्धतीच्या आहेत, आता लागत नाहीत. म्हटलं, मग दिल्यात कशाला? म्हणाली, देतात.

देतात! वहिनी, माझ्या कानात तुमचं "घालतात" वाजलं. डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी मानसी बाहेर गेली. मला चटणी वाटायची होती म्हणून कॉम्प्युटरचा प्लग काढून तिथे मिक्सर लावला. (मिक्सरमुळे वाचले, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं.) चटणी झाली, आणि काचेतून त्या शेपट्या मला दिसायला लागल्या. नवीन कोरी वस्तू, आणि धागे लोंबतायत. आमच्या गाळ्यात असा पीस सुपरवायझरने तोंडावर फेकला असता. मी झाकण काढलं, कटर काढला आणि दोन्ही शेपट्या मुळापासून साफ केल्या. एका रेषेत. आणि मी अर्धं काम करत नाही, तुम्हाला माहीत आहे. परकराची नाडी कापल्यावर उसवू नये म्हणून आपण टोक मेणबत्तीवर धरून चिकटवतो ना, तशी ती टोकंही मेणबत्तीवर धरून दाबून चिकटवली. कापलेले प्लग बटणांच्या डब्यात टाकले. (मी काही फेकत नाही.) मग झाकण लावलं, कॉम्प्युटरचा प्लग परत होता तिथे खोचला आणि लांबून बघितलं. झकास फिनिशिंग.

मानसी आली, बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, पंखा पाव गिरकी घेऊन थांबला. तिने झाकण काढलं आणि आत बघून अशी ओरडली की खालच्या मजल्यावरची विमला हातात लाटणं घेऊन वर आली, तिला वाटलं चोर शिरला. मी सांगितलं की मीच केलंय आणि नीट केलंय. त्यावर माझी मुलगी रडायलाच बसली, आणि तुमचे लाडके दीर काय म्हणाले असतील? म्हणाले, बरं झालं, आता आईचं शूटिंग बघायला नको.

आता हे शूटिंग काय ते ऐका, कारण सगळं तिथेच अडकलंय. भांडण झाल्यावर हे मला म्हणाले होते की मानसी दीड वर्षाची असतानाच्या गणपतीत त्यांनी कॅमेऱ्याने आईंचं शूटिंग घेतलं होतं, आई पानं वाढतायत आणि कुठलं पान कुणाचं ते सांगतायत. ते आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर होतं. तो कॉम्प्युटर मरून जमाना झाला, त्याच्या खोक्यावर आता पिठाचा डबा असतो, पण त्यातली डिस्क मी ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती. मानसी म्हणाली होती, नवा कॉम्प्युटर झाला की त्यावर ती डिस्क लावून बघू. आणि वहिनी, खरं सांगते, मला ते शूटिंग तुमच्यासाठी नको होतं. तुम्हाला खोटं पाडायला हवं होतं. आईंच्या तोंडून निघालं असतं की पाचवं पान उगाच आहे, तर मी ते मानसीच्या फोनवरून तुम्हाला पाठवलं असतं आणि मग बघितलं असतं तुमची रेंज कशी जाते ते.

विद्याधरकाकांना बोलवावं लागलं. काका मुलुंडला राहतात, बँकेत कॉम्प्युटर बसवायच्या खात्यात होते, आता रिटायर. त्यांच्या बायकोच्या, वसुधाबाईंच्या साड्यांना फॉल मी लावायचे. बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, आता काका एकटेच आहेत, इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर बिघडलेल्या वस्तू शोधत असतात. ते आले, चष्मा कपाळावर चढवला, माझी चिकटवलेली टोकं बघितली आणि म्हणाले, "हे कुठल्या गाढवाने केलं?" मी म्हटलं, मी. तर बिचारे म्हणाले, "काम मात्र सफाईदार आहे हो." (शिकलेला माणूस. शिवीसुद्धा परत घेतो.)

सप्लाय मेलाच नव्हता. मी टोकं एकमेकांना चिकटवली म्हणून वीज नको तिथे भेटत होती, आणि अशा वेळी तो डबा स्वतःला बंद करून घेतो. बिघाड नाही, काका म्हणाले, त्याला चुकीचं काही जाणवलं की तो गप्प बसतो, चूक काढेपर्यंत कितीही बटण दाबा, उठत नाही. मला कोणाची आठवण आली ते लिहीत नाही. त्यांनी एक एक टोक सोडवलं, प्रत्येकाला वेगळी पट्टी गुंडाळली, बटण दाबलं, आणि मखर पेटलं. मानसीने त्यांच्या पायाला हात लावला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग डिस्क आणली. काका हसायलाच लागले. म्हणाले, या जुन्या डिस्कला दोन तोंडं असतात, एक बोलायचं आणि एक खायचं. बोलायच्या तोंडाला लावायचा जोड माझ्याकडे आहे. खायच्या तोंडाला तोच चार भोकांचा जुना प्लग लागतो. मानसीने माझ्याकडे बघितलं. आता बघितलं. मी मुकाट्याने बटणांचा डबा आणला.

काकांच्या घरी असा एक जुना सप्लाय होता, पण बाई गेल्यावर त्यांनी सगळा पसारा भंगारात दिला. म्हणाले, मलाही वाटलं होतं, आता कशाला लागतोय. म्हणून तोच कापलेला प्लग परत जोडायला बसले. वायरींची टोकं मी कटरने सोलून दिली, एकही तार तुटू दिली नाही. पिवळ्याला पिवळी, काळ्याला काळी, दुसऱ्या काळीला दुसरी काळी, लालला लाल, आणि काका तापलेल्या सळीने डाग देत होते. तेव्हा मी त्यांना विचारलंच, काका, नवीन वस्तूला कोणी ही जुनी शेपूट लावतं का? शर्टाला कोणी धोतराचा काष्टा शिवून देत नाही.

काकांना कोणी विचारणारं मिळालं, मग काय. म्हणाले, कारखानदार काय विचार करतो? पिवळी आणि लाल वीज त्याला आत तयार करावीच लागते, दुसऱ्या कामांना लागते. मग तीन फुटांची वायर आणि सात प्लग जास्त दिले तर त्याचं काय जातं? आणि नाही दिले, तर शंभरातला एक गिऱ्हाईक घरी जाऊन बघतो, जुना पंखा आहे, जुनी डिस्क आहे, आणि लावायला जागाच नाही. तो परत येऊन दुकान डोक्यावर घेतो. तो एक कोण असेल ते आधी कळत नाही, म्हणून शंभरांनाही देतात. तो नखाएवढा प्लग तर फ्लॉपीचा. फ्लॉपी म्हणजे ती चौकोनी चकती, ती आता कोणाच्या घरात नाही, तरी प्लग अजून काही ठिकाणी येतोच. मग त्यांनी मला सगळ्यात मोठा प्लग काढून दाखवला. त्याला चोवीस घरं. म्हणाले, वायरी मोजा. मी दोनदा मोजल्या, तेवीस. एक घर रिकामं. तिथे पूर्वी एक वायर यायची, जुन्या कुठल्या तरी भागाला लागायची, ते भाग गेले, वायर गेली, पण घर बुजवलं नाही. प्लगचा आकार बदलला तर जुनं काही बसणार नाही, म्हणून जागा तशीच ठेवली. सगळ्या दुनियेत तशीच ठेवली, वहिनी. मी म्हटलं, मग ते घर कुणाचं? काका म्हणाले, "कुणाचंच नाही. असू द्या." मी वाद न घालता पुढची वायर सोलायला घेतली. (माझी तब्येत बरी आहे ना असं हे मानसीला खुणेने विचारत होते.)

डिस्क लागली. आधी घरघरली, मग कटकट केली, तुमच्या चक्कीसारखी, आणि चालू झाली.

चित्र हलतंय, कॅमेरा ह्यांच्या हातात म्हटल्यावर हलणारच. आई खाली बसल्यायत, तुम्ही मागे डाळ घोटताय, काय बारीक होता हो. आई पानावर बोट ठेवून सांगतायत, ह्या रवळनाथाचा, ह्या देवीचा, ह्या मूळपुरुषाचा, ह्या गायीचा. मागून ह्यांचा आवाज, "आणि ह्या कोणाचा गो आये?" आणि आई काय म्हणाल्या माहीत आहे? "माका काय म्हायत! माझी सासू घालायची म्हणान मी घालतंय. येतला कोणतरी."

मी टाळी वाजवली. खोटं कशाला बोलू? म्हटलं, बघा, आईंनाही माहीत नव्हतं, जिंकले मी! मानसी म्हणाली, आई, थांब, संपलेलं नाही.

पुढे दारात एक बाई उभी राहिलेली दिसते. काटकुळी, केस विस्कटलेले, कडेवर पोर, पोराच्या नाकाला शेंबूड, हातात पिशवी. मी विचारलं, ही कोण गं रोडकी? मानसी म्हणाली, आई, तू आहेस.

वहिनी, मी विसरले होते. सगळं विसरले होते. हे दोन दिवस आधी आले होते, मला तेव्हाच्या कामावरून सुट्टी मिळाली नाही, मी मानसीला घेऊन एकटी निघाले आणि राजापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. सकाळी पोचायची ती दुपारी पोचले. पानं मांडून झाली होती, माणसं मोजून झाली होती, मी कुणाच्याच मोजण्यात नव्हते. चित्रात मी दारातच उभी आहे, आत यायलाही लाजतेय. आणि तुम्ही काही न बोलता (तेव्हाही गप्पच!) पळी खाली ठेवता, देवाला दाखवून झालेलं ते पाचवं पान उचलता, माझ्यासमोर ठेवता आणि मानसीला माझ्या कडेवरून काढून घेता. मागून आईंचा आवाज येतो, "इली बघ." आणि मी जेवायला लागते. कशी जेवतेय, वहिनी! मान वर करत नाही. दोन मोदक तर चावलेसुद्धा नसतील.

मग ह्यांनी कॅमेरा छताकडे फिरवलाय आणि संपलं.

मी चहा ठेवायला आत गेले आणि बराच वेळ ठेवत राहिले. बाहेर आले तेव्हा काका चष्मा पुसत होते. म्हणाले, आमच्याकडे चारच पानं घालायचे. त्यांचं गावचं घर भावकीत गेलं, बाई गेल्यापासून इथला गणपतीही बंद केला. चहा घेतला, डिस्कवरचं सगळं मानसीला नीट उतरवून दिलं आणि गेले.

तर असं आहे. मी जिंकले होते, ते अर्धा मिनिट टिकलं. हे पत्र माफीचं आहे असं समजू नका. माफी मी समोर मागेन, स्वयंपाकघरात, कोणी नसताना, आणि तेव्हा तुम्ही डाळ घोटत असाल तर घोटत राहा, माझ्याकडे बघू नका. बाकी सगळं ठीक. भावोजींना नमस्कार, तांबूला गूळ.

तुमची जाऊ,
नंदा

ता. क. मानसीने माझा कटर माळ्यावर ठेवलाय. दुसरी शेपूट काकांनी अजून जोडलेली नाही, ती मी नीट घडी घालून बाजूला बांधून ठेवलीय, लोंबत नाही. कापलेली टोकं रोज दिसतात. बरं आहे.

ता. क. दुसरा. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. गणपतीला आमची तीन तिकिटं मी वैशाखातच काढून ठेवली होती, तुम्ही बोलवाल की नाही ते माहीत नसताना. परवा चौथं काढलं. विद्याधरकाकांचं. त्यांना अजून विचारलेलं नाही, आधी तुम्हाला विचारते. भला माणूस आहे, तिखट कमी खातो, तुमचा रेडिओ दुरुस्त करेल. त्यांच्यासाठी वेगळं काही करू नका. पान आहेच.

ता. क. तिसरा. आता तुम्ही म्हणाल, पाचव्यावर काका बसले तर मोकळं पान कुठे राहिलं? मग सहावं घाला. केळीची पानं मी पुसून देईन, मोदक जास्तीचे मी वळेन, आणि कुणाचं म्हणून कोणी विचारलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

ता. क. शेवटचा. उद्याच्या रविवारी नको, पत्र पोचायचं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी अकराला फोन करते. रेंज असू द्या.